पहिल्या परिच्छेदातले आभार

मधुसूदन वझे यांनी एका विमा कंपनीत एकतीस वर्षे नकार लिहिले. दावा फेटाळण्याचा निर्णय दुसरे कोणी घेत असे. तो समोरच्या माणसाच्या गळी उतरेल अशा शब्दांत बसवण्याचे काम वझ्यांकडे असे. हे काम ते इतक्या नजाकतीने करत की, कल्याणच्या एका कापडदुकानदाराने दुकान पुरात गेले आणि पाठोपाठ दावाही गेला असताना उलट टपाली त्यांना पेढे पाठवले होते. पेढ्यांसोबतची चिठ्ठी वझ्यांनी नौपाड्यातल्या घरी जपून ठेवली होती. ‘आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत की मन हलके झाले,’ असे तीत म्हटले होते. हलके झालेले मन घेऊन त्या गृहस्थांनी पुढे काय केले, याची चौकशी करण्याची कंपनीत पद्धत नव्हती.

पत्राची त्यांची घडण ठरलेली असे. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात वस्तुस्थिती, तिसऱ्यात खेद. आभार कशाचेही मानता येतात, असे ते हाताखालच्या लोकांना शिकवत. कंपनीवर विश्वास ठेवल्याचे, कागद वेळेत पाठवल्याचे, अगदीच काही नसेल तर पत्र लिहिल्याचे. माणूस वस्तुस्थितीशी भांडतो, खेदावर चिडतो; आभारांशी मात्र त्याला भांडता येत नाही.

असा माणूस साठी उलटल्यावर फुटबॉलची व्यावसायिक लीग काढायला निघाला, तेव्हा नौपाड्यातल्या परिचितांनी हसू दाबले. वस्तुतः हा नाद जुना होता. तरुणपणी वझे कंपनीच्या संघात डाव्या बगलेचे बचावपटू होते. पुढे कंपनीने तो संघ मोडला. खेळाडूंना द्यायचे पत्र तेव्हा वझ्यांनीच लिहिले, आणि त्याची एक प्रत त्यांना स्वतःलाही मिळाली. पहिल्या परिच्छेदात अर्थातच आभार होते. ती प्रत त्यांनी घडी घालून फाइलला लावली. पण निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात ते संध्याकाळी मैदाने हिंडू लागले.

त्यांना दिसले ते असे. वर झगमगती लीग होती, जिथे परदेशी खेळाडू धावत आणि प्रेक्षक बहुधा दूरचित्रवाणीवर असत. खाली शाळांच्या स्पर्धा होत्या. मध्ये काहीच नव्हते. अठराव्या वर्षी चेंडू पायाला चिकटवून फिरणारा मुलगा विसाव्या वर्षी पार्सले पोचवत होता. ही मधली पायरी बांधायची, असे वझ्यांनी ठरवले. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सहा संघ, प्रत्येकात बावीस खेळाडू, प्रत्येकाशी लेखी करार आणि महिन्याचा पगार. पगार थोडा होता. पण कोलशेतच्या नयन नावाच्या पोराने बँकेच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘फुटबॉलपटू’ असे लिहिले आणि त्या अर्जाचा फोटो वझ्यांना पाठवला, तेव्हा वझे बराच वेळ चष्मा पुसत बसले. बायकोला, उत्तराबाईंना, त्यांनी तो फोटो तीनदा दाखवला.

राज्य संघटनेने मान्यतेसाठी अटींची जी यादी दिली, तिच्यातल्या बहुतेक बाबी चिकाटीने जमल्या. डॉक्टर मिळाला, रुग्णवाहिका मिळाली, परीक्षा दिलेले पंच मिळाले, आणि खेळाडूंचा विमा कसा उतरवायचा हे वझ्यांना कोणी सांगायला नको होते. अडले ते शेवटच्या अटीवर: तीन वर्षांसाठी एक मैदान, ज्यावर दुसऱ्या कोणाचा वापर किंवा वाद नाही. ठाण्यात बघितलेले मैदान मेपर्यंत लग्नांना दिलेले होते. कल्याणच्या मैदानाच्या मधोमध भाषणांसाठी उभारलेला मंच होता, आणि तो पुढच्या भाषणाची सोय म्हणून कायमच तिथे ठेवलेला होता. डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्याला लागून एक मोकळी जागा मिळत होती. तिथे सकाळी चाचणी घेतली, तर दोन्ही गोलरक्षकांच्या डोळ्यांना धार लागली आणि कडेच्या डबक्यातले पाणी जांभळे दिसले. तिथला प्रशिक्षक दिलासा देत म्हणाला, “आज बरंय साहेब. काल हिरवं होतं.”

अशा वेळी गुरुदत्त यांचा फोन आला.

गुरुदत्त हे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मालक-कंपनीचे अधिकारी होते. पंचेचाळिशीचे, मृदू आवाजाचे, बोलताना मध्येच थांबून योग्य शब्द शोधणारे. कोलशेतला खाडीच्या अंगाला त्यांच्या कंपनीची नऊ एकर सपाट जागा पडून होती. त्यांनी वृत्तपत्रात लीगविषयी वाचले होते आणि त्यांना ते, त्यांच्याच शब्दांत, हृद्य वाटले होते. जागा तीन वर्षे विनामोबदला द्यायची कंपनीची तयारी होती. करारात एक महिन्याच्या सूचनेने जागा परत घेण्याचे कलम होते; गुरुदत्त म्हणाले, ते सगळ्याच करारांत असते. ज्या माणसाने आयुष्यभर हजारो लोकांना ‘बारीक अक्षरांत हे आधीच नमूद होते’ असे कळवले, त्या माणसाने ते कलम वाचले, चांगले दोनदा वाचले, आणि सही केली.

एकच बारीकशी बाब होती, आणि तीही गुरुदत्त यांनी जाता जाता सांगितली. मैदानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात कोलशेत गावाची होळी लागे. हिरवळ अंथरल्यावर तिथे आग नको. शिवाय पहिला सामना होळीच्याच दिवशी घ्यावा, पौर्णिमा रविवारी येते, लोक येतील, असे त्यांना सुचत होते. तेव्हा गावाकडून एक ना-हरकत पत्र घेतले तर संघटनेची अटही पुरी होईल, आणि एक प्रत कंपनीच्या फाइलला लागेल.

“मजकूर मी सुचवत नाही,” गुरुदत्त म्हणाले. “तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या शब्दांबद्दल ऐकून आहे मी.”

वझे जागा पाहायला गेले तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यात त्यांना एक काळे वर्तुळ दिसले. बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट रुंद, आणि त्यात गवताची काडी नाही. इतकी वर्षे एकाच जागी आग पेटल्याने तिथली माती भाजून विटेसारखी झाली होती. बुटाने टोकरली तरी निघेना. ही जागा एके काळी मिठागरांच्या कडेचा माळ होती. मिठागरे गेली, कारखाना आला, कारखाना गेला. दर फाल्गुनात गावातले लोक खाडीकाठी उंच वाढणारे भेंडीचे झाड वाजतगाजत आणून त्या वर्तुळात उभे करत आणि नव्या जोडप्यांना त्याभोवती फिरवत. यातले काहीही कुठे लिहिलेले नव्हते. ते दरवर्षी होत असे, एवढाच त्याचा पुरावा.

होळीला पहिली चूड लावण्याचा मान काळुराम यांच्या घराचा होता. काळुराम सत्तरीच्या पुढचे. बाप आणि आजा मिठागरात राबलेले, स्वतः बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून मीठ ओढलेले. आता गावात त्यांचे तीन मजली घर होते, भाड्याने दिलेल्या खोल्या होत्या आणि गळ्यात बोटभर जाड साखळी होती. नयन त्यांचा नातू. वझे बोलणी करायला गेले तेव्हा नयन नवी जर्सी घालूनच चहा घेऊन आला, आणि म्हातारा तिच्या पाठीवर छापलेल्या आडनावाकडे बघत राहिला. वझ्यांनी सगळे नीट समजावून सांगितले. लीग, अट, हिरवळ, तारीख.  कपातला चहा संपल्यावर काळुराम म्हणाले, “येक वरीस. पोराच्या पायांसाठी. फुडच्या वर्षी होळी तिच्या जागेवर.”

वझ्यांनी शब्द दिला, आणि घरी येऊन पत्र लिहायला बसले.

पहिला परिच्छेद त्यांना पाच मिनिटांत सुचला. ‘मौजे कोलशेत येथील आम्ही ग्रामस्थ कंपनीचे मनःपूर्वक आभारी आहोत. कंपनीच्या परवानगीने व सौजन्याने आम्ही आजवर सदर जागेवर होलिकोत्सव साजरा करत आलो आहोत.’ या वाक्यात आपण काही खोटे लिहितो आहोत, असे त्यांच्या मनाला शिवलेही नाही. नौपाड्यात माणूस शेजाऱ्याच्या गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी विचारून घालतो. जागा ज्याच्या नावावर, त्याच्या परवानगीनेच तिथे काही घडते, हे त्यांना उजेडासारखे स्वाभाविक होते. ते कोणी सांगायचे नसते, त्याबद्दल फक्त आभार मानायचे असतात. दुसऱ्या परिच्छेदात, होळी इतरत्र हलवण्याची संमती ‘केवळ या एका वर्षापुरती’ आहे, हे त्यांनी ठळक केले. काळुराम यांना दिलेला शब्द त्यांनी तंतोतंत पाळला.

उत्तराबाई निवृत्त शिक्षिका होत्या. कोणतेही पत्र त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. त्यांनी ते वाचले, एक स्वल्पविराम दिला आणि म्हणाल्या, “पत्र सुरेख आहे. पण हे काळुराम बोलतायत असं काही वाटत नाही.”

“ते बोलले असते, तर असंच म्हणाले असते,” वझे म्हणाले.

गावच्या देवळात बैठक झाली. नयनने पत्र मोठ्याने वाचले. पहिल्या परिच्छेदाला एक म्हातारा म्हणाला की, आपल्या गावाची भाषा एवढी गोड असेल हे आजच कळले, आणि सगळे हसले. काळुराम यांनी फक्त एवढेच विचारले की एक वर्ष असे लिहिले आहे ना. वझ्यांनी दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून दाखवले. मग त्रेचाळीस जणांनी सह्या केल्या. सगळ्यांनी तपासले ते तेवढेच, दुसऱ्या परिच्छेदातले. पहिल्यात नुसते आभार होते.

कंपनीची प्रत गुरुदत्त यांनी उभ्या उभ्या वाचली. पहिल्या परिच्छेदापाशी त्यांची नजर थांबली, परत मागे गेली. दुसरा त्यांनी वाचलाच नाही. कागद जपून पाकिटात सरकवत ते म्हणाले, “फार सुंदर लिहिता तुम्ही.” वझ्यांना त्या संध्याकाळी उत्तराबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा घ्यावासा वाटला, आणि मोगऱ्याचा हंगाम नसल्याने त्यांनी अबोलीचा घेतला.

जानेवारीत मैदानाभोवती तारेचे कुंपण आले. मग फाटक, मग पहारेकऱ्याची खोली, मग पाटी: ‘खासगी मालमत्ता. परवानगीशिवाय प्रवेश नाही.’ हिरवळीच्या रक्षणासाठी हे बरेच झाले, असे वझ्यांनी स्वतःला सांगितले. हिरवळ सगळीकडे छान धरली. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे ते वर्तुळ होते, तिथे मात्र ती आठवड्यात पिवळी पडे. माळ्याने तीनदा बदलली. तिसऱ्या वेळी त्याने नवी माती घातली, खत घातले, दिवसातून दोनदा पाणी घातले. ती पुन्हा पिवळी पडली, आणि बरोबर गोल पडली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुपाली नौपाड्याला आली. रुपाली नयनची मोठी बहीण. ठाण्याच्या एका वकिलांकडे वर्षभर हाताखाली काम करत होती. उत्तराबाईंनी पुढे केलेले पाणी तिने घेतले, खुर्ची घेतली नाही. कंपनीने त्या नऊ एकरांवर इमारती बांधण्यासाठी नकाशे दाखल केले होते. गावाला हे कळताच होळीच्या जागेपुरती मनाई मागायला गाव न्यायालयात गेले होते, आणि कंपनीने उत्तरात एकच कागद जोडला होता. तिने तो वझ्यांच्या हातात दिला. पहिल्या परिच्छेदातल्या एका वाक्याखाली कोणीतरी लाल रेघ ओढली होती. चुकीखाली ओढतात तशी ती नव्हती. पाठ करायच्या ओळीखाली ओढतात, तशी सरळ, पट्टी लावून ओढलेली होती.

“काका, परवानगी कोणाची घेतलेली आम्ही?” रुपालीने विचारले.

वझे म्हणाले की ती केवळ लिहिण्याची पद्धत आहे. सौजन्य. तसे लिहितात.

“कोण लिहितं तसं? माझे पणजोबा तिथे होळी लावायचे, तेव्हा ही कंपनी जन्मलीसुद्धा नव्हती. मग परवानगी काय आईच्या पोटातून सही करून दिली तिने?” तिचा आवाज चढला नव्हता. वकिलांकडे काम करणाऱ्या माणसासारखी ती एकेक शब्द टेबलावर मांडत होती. “हक्काने लावत आलो असू तर जागा होळीची. परवानगीने लावत आलो असू तर ती त्यांची मेहेरबानी, आणि मेहेरबानी कधीपण काढून घेता येते. आमच्याकडे एकच गोष्ट होती, काका. कुणाला कधी विचारलं नाही, ही. ती तुम्ही आमच्याच सहीने देऊन टाकली.”

मग तिने काय हवे ते सांगितले. वझ्यांनी प्रतिज्ञापत्र करायचे. दोनच वाक्ये: हा मजकूर माझा आहे, गावाने सांगितलेला नाही, आणि अशी परवानगी कधी घेतल्याची किंवा दिल्याची मला काहीही माहिती नाही. सुनावणी पुढच्या बुधवारी होती.

वझे म्हणाले, करतो. त्या क्षणी ते खरेच करणार होते.

गुरुदत्त यांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. प्रतिज्ञापत्राचे त्यांना कोणी सांगितले, हे त्यांनी सांगितले नाही. तासाभराने ते स्वतः घरी आले, उत्तराबाईंच्या हातच्या पोह्यांची मनापासून तारीफ केली, कपाटातल्या पुस्तकांची नावे मान तिरकी करून वाचली, आणि मग शब्द शोधत बोलू लागले. “प्रतिज्ञापत्र तुम्ही जरूर करा. सत्याच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. फक्त, बुधवारी मनाई नाकारली गेली तर वाद मिटतो; तुमच्या प्रतिज्ञापत्रामुळे ती मिळाली, तर जागा वादग्रस्त ठरते. शुक्रवारी संघटनेचे तपासनीस येतायत. वादग्रस्त जागेवर ते मान्यता देत नाहीत. आता हा नियम काही माझा नाही.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “एकूण खेळाडू किती म्हणालात? एकशे बत्तीस?”

ते गेल्यावर बशीत पोह्यांचा एक दाणाही उरलेला नव्हता.

पुढचे तीन दिवस वझ्यांनी जे केले त्याला विचार म्हणण्याची पद्धत आहे. एका बाजूला काळे वर्तुळ, दुसऱ्या बाजूला एकशे बत्तीस करार. डोंबिवलीचा गोलरक्षक, ज्याने पार्सलांची नोकरी सोडली होती. नयनचा बँकेतला अर्ज. गावाचे हितही शेवटी नयनमध्येच नाही का? होळी काय, दुसरीकडेही लागते. न्यायालय एका वाक्यावर थोडेच निकाल देणार आहे? एकेक युक्तिवाद स्वच्छ, इस्त्री केलेला होता. वझ्यांनी असे युक्तिवाद पूर्वी हजारो वेळा तिसऱ्या परिच्छेदात घातले होते; फरक इतकाच की या खेपेला पाकिटावरचा पत्ता त्यांचा स्वतःचा होता.

मंगळवारी दुपारी ते कोरा कागद समोर घेऊन बसलेले पाहून उत्तराबाई म्हणाल्या, “तुमचं ठरलंय. आता नुसते शब्द शोधताय.”

वझ्यांनी पेनाचे टोपण काढले. रुपालीला लिहिलेले ते पत्र त्यांच्या हातून उतरलेल्या पत्रांत सर्वोत्तम असावे. पहिल्या परिच्छेदात त्यांनी तिचे आभार मानले. इतक्या विश्वासाने घरी आल्याबद्दल. दुसऱ्यात लीगची वस्तुस्थिती होती. तिसऱ्यात खेद होता, आणि तो खरा होता. उत्तराबाईंनी ते वाचायला मागितले नाही. त्या घरात लग्नानंतर प्रथमच एक पत्र न वाचता बाहेर गेले. उत्तर आले ते फोनवर, दोन शब्दांचे: ‘पत्र मिळालं.’

बुधवारी न्यायालयाने मनाई नाकारली. आदेशात ते वाक्य पूर्ण उद्धृत केले होते, आणि त्याच्या आधी लिहिले होते: ‘ग्रामस्थांच्याच शब्दांत.’ शुक्रवारी तपासनीस आले, त्यांनी गोलखांब मोजले, हिरवळीवर तळवा फिरवला, पिवळ्या वर्तुळापाशी थबकून काय आहे म्हणून विचारले. माळी म्हणाला, माती खराब आहे. मान्यतेचे पत्र सोमवारी आले.

होळीच्या रविवारी दुपारी तीनपासून लोक येऊ लागले. सहाही संघांचे झेंडे, कल्याणहून आलेले ढोलपथक, छापलेले पास गळ्यात अडकवलेले पाहुणे. कोलशेत विरुद्ध डोंबिवली असा पहिला सामना होता. नयन आला होता. फेब्रुवारीपासून तो वझ्यांशी एक शब्द बोलला नव्हता. पण करारात गैरहजेरीबद्दल एक कलम होते आणि ते वझ्यांनी पक्के लिहिले होते.

सामना सुरू व्हायला पंधरा मिनिटे असताना फाटकापाशी गडबड दिसली म्हणून वझे तिकडे गेले. बाहेर काळुराम उभे होते. पांढरा सदरा, टोपी, हातात नारळ. होळीच्या दिवशी उन्हे कलायच्या आत त्या कोपऱ्यात नारळ ठेवायचा, हा त्यांच्या घराचा नेम होता. होळी या वर्षी रस्त्याकडेच्या पडीक जागेत लागणार होती. नारळ मात्र जागेचा, म्हणून जागेवर आला होता. पहारेकरी दूरच्या गावचा, नवा. तो कोणाशीही जसे बोलायचे तसे बोलत होता: पास दाखवा, नाहीतर परवानगी लागेल.

वझ्यांना बरे वाटले. इथे काहीतरी करता येण्याजोगे होते. त्यांनी खिशातून कोरा पास काढला, फाटकाच्या खांबावर ठेवून त्यावर काळुराम यांचे पूर्ण नाव लिहिले, खाली ‘प्रवेशास परवानगी आहे’ असे लिहून सही केली, तारीख घातली, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

काळुराम यांनी तो घेतला नाही. वझ्यांच्याच हातात ठेवून, ओठ हलवत, अक्षर अक्षर वाचला. मग वर पाहिले. डोळ्यांत राग असता तर वझ्यांना ते सोपे गेले असते.

“हा मी घेतला,” म्हातारा म्हणाला, “तर तुमचं पत्र खरं व्हईल.”

त्यांनी पास हळूच मागे ढकलला, नारळ दुसऱ्या हातात घेतला आणि रस्ता ओलांडून ते गावाच्या दिशेने चालू लागले. पहारेकऱ्याने विचारले, “साहेब, सोडायचं होतं का?” वझ्यांनी पास खिशात घातला. त्याची कड दुपारभर छातीला टोचत राहिली.

परत येताना ते पूर्वेच्या कोपऱ्यावरून आले. कुंपणाच्या आत, कोपऱ्याच्या झेंड्यामागे, जमिनीत लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या. सकाळी त्या नव्हत्या. टोकांना लाल रंग होता, अजून ओला. वझ्यांनी मोजल्या; एका ओळीत पाच, आणि ओळीचा रोख पिवळ्या वर्तुळातून मैदानाच्या मध्याकडे होता. पाहुण्यांच्या खुर्च्यांत गुरुदत्त बसले होते. वझ्यांनी त्यांना विचारले, तेव्हा ते उठून उभे राहिले, कारण वयाने मोठा माणूस समोर आला की उठावे अशी त्यांना शिकवण होती.

“मातीची तपासणी आहे हो. आज मनाला लावून घेऊ नका, आज तुमचा दिवस आहे.” मग योग्य शब्दासाठी ते क्षणभर थांबले. “बाकीचं मी पत्राने कळवतो. महिन्याची मुदत पाळून, सगळं रीतसर. मसुदा तुमच्याच नमुन्यावर केलाय आम्ही. आजवर आमच्या परवानगीने व सौजन्याने आपण सदर जागेवर, वगैरे. तुम्हाला आवडेल.”

पंचांची शिट्टी झाली. वझे आपल्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारची, उत्तराबाईंसाठी राखलेली खुर्ची रिकामी होती.

सामना चांगला झाला, हे सांगितले पाहिजे. डोंबिवलीच्या गोलरक्षकाने दोन अशक्य चेंडू अडवले. उत्तरार्धात, उन्हे पिवळी होत असताना, कोलशेतला पूर्वेचा कॉर्नर मिळाला आणि तो घ्यायला नयन गेला. चेंडू ठेवायला जागा पिवळ्या वर्तुळाच्या कडेवर होती. त्याने चेंडू ठेवला, मागे सरकला, आणि टाच एका खुंटीला लागली. त्याने वळून पाहिले. वाकून खुंटीला बोट लावले, बोटाला लागलेला लाल रंग बघितला, जर्सीला पुसला. फाटकाकडे एकदा पाहिले. तिथे पहारेकरी होता. पंचांनी घड्याळावर बोट आपटले.

मग त्याने कॉर्नर घेतला. चेंडू असा वळला की गोलरक्षकाची उडी अर्ध्यातच संपली, आणि कोणाच्या तरी डोक्याला लागून जाळ्यात गेला. सगळे मैदान उभे राहिले. ढोल वाजू लागले. गुरुदत्त मनापासून टाळ्या वाजवत होते. कुंपणापलीकडून, रस्त्याच्या बाजूने, धुराची एक बारीक रेघ वर चढू लागली होती. गावाने यंदा होळी लवकर लावली असावी.

वझेही उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बारा-पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात, पत्र येईल. उत्तर द्यावे लागेल. न देणे बरे दिसत नाही. दोन्ही तळवे एकमेकांवर आपटत असतानाच त्यांच्या मनात वाक्ये आपोआप रांगेत उभी राहू लागली, एकतीस वर्षे राहत आली तशी. पहिल्या परिच्छेदात आभार होते.